काडेपेटीपासून झुंबरापर्यंत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा दोन अटी घातल्या. पंधरा मिनिटांच्या वर बोलायचं नाही आणि कॉम्प्युटरवर तर अजिबात बोलायचं नाही. दुसरी अट ऐकून मला बरंच वाटलं. मी दुसऱ्या कशावर बोलतच नाही, अशी घरच्यांची तक्रार आहेच. म्हणून आज मी एका बाईबद्दल बोलणार आहे. ती अमेरिकेतली, श्रीमंतांची हॉटेलं सजवणारी. नाव डोरोथी ड्रेपर. आपल्यापैकी कुणी तिचं नाव ऐकलं नसेल, मीही काही वर्षांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं.

आता एक सॉफ्टवेअर इंजिनिअर या बाईपर्यंत पोचली कशी? तेवढ्यापुरतं कॉम्प्युटरचं नाव घेते, संयोजकांनी कानाडोळा करावा. आमच्या क्षेत्रात १९९४ साली आलेलं 'डिझाइन पॅटर्न्स' नावाचं एक पुस्तक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत ते सगळ्यांनाच वाचावं लागायचं. त्याच्या सुरुवातीला क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाचा उल्लेख येतो. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये 'अ पॅटर्न लँग्वेज' हे जाडजूड पुस्तक काढलं. खिडकीत बसायला जागा का हवी, खोलीत दोन बाजूंनी उजेड का हवा, अशा साध्या गोष्टींवरची टिपणं त्यात आहेत. घरांविषयीच्या पुस्तकातून आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी विचार उसना घेतला, याची मला फार गंमत वाटली. तेव्हापासून घरांवरची पुस्तकं वाचायचा नाद लागला, तो सुटला नाही. त्याच वाटेवर कधीतरी ही ड्रेपरबाई भेटली.

तिच्याआधीच्या दोन-तीन बायकांबद्दल थोडं सांगते, म्हणजे ती कुठे उभी होती ते कळेल.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी 'इंटिरियर डिझायनर' असा काही धंदाच नव्हता. घर बांधायचं ते वास्तुविशारदाने आणि भरायचं ते फर्निचर आणि पडदेवाल्या दुकानदाराने. १८९७ मध्ये एडिथ व्हॉर्टन आणि ऑग्डेन कॉडमन यांनी मिळून 'द डेकोरेशन ऑफ हाउसेस' हे पुस्तक लिहिलं. व्हॉर्टनबाई पुढे मोठ्या कादंबरीकार झाल्या, पण त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्यांचं म्हणणं असं, की सजावट ही खोलीच्या बांधणीतूनच यायला हवी, वरून सामान ओतून ती होत नाही. त्या काळातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जड मखमली पडदे, झालरी, कुंड्या, मूर्ती यांतून वाट काढावी लागायची, हे लक्षात घेतलं म्हणजे त्यांचा मुद्दा समजतो.

मग आली एल्सी द वुल्फ. ही मूळची नटी. रंगमंचावर तिच्या अभिनयापेक्षा तिच्या कपड्यांचीच चर्चा जास्त व्हायची. तिने तो मार्ग सोडला आणि न्यूयॉर्कमधल्या कॉलनी क्लब या बायकांच्या क्लबाची सजावट हाती घेतली. तो क्लब १९०७ मध्ये उघडला. जड पडदे गेले, उजेड आला, भिंतींवर बागेतल्यासारख्या लाकडी जाळ्या आल्या आणि सगळीकडे फुलाफुलांचं सुती कापड आलं. त्या कापडाला इंग्रजीत चिंट्झ म्हणतात. आपल्या आज्या ज्याला 'चीट' म्हणायच्या ना, तोच हा शब्द! भारतातलं छापील आणि रंगवलेलं सुती कापड सतराव्या शतकात युरोपात गेलं आणि इतकं लोकप्रिय झालं, की तिथल्या विणकरांचा धंदा बसू नये म्हणून फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली, पुढे इंग्लंडनेही घातली. ते नाव दोनेकशे वर्षांनी न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू क्लबात जाऊन बसलं.

एल्सीबाईंचं 'द हाउस इन गुड टेस्ट' हे पुस्तक १९१३ मध्ये आलं आणि गाजलं. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही. आधी मासिकात आलेल्या ज्या लेखांवर ते उभं राहिलं, ते लिहून काढण्याचं काम रूबी रॉस गुडनाउ नावाच्या तरुण पत्रकार मुलीने केलं होतं. मुखपृष्ठावर नाव एकटीचं. आमच्या क्षेत्रात हे रोज घडतं, तुमच्याही क्षेत्रात घडत असेल. पण ही मुलगी रडत बसली नाही. लिहिता लिहिता ती काम शिकली. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, तिचं स्वतःच्या नावाचं 'द ऑनेस्ट हाउस' आलं आणि पुढे रूबी रॉस वुड या नावाने ती अमेरिकेतल्या पहिल्या फळीच्या डिझायनरांपैकी एक झाली.

आता डोरोथी ड्रेपर. जन्म १८८९, न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क या धनिकांच्या वसाहतीत. घरात पैसा, ओळखी, नोकरचाकर. शिक्षण म्हणाल तर फारसं नाही, या विषयाचं तर मुळीच नाही. एका डॉक्टरशी लग्न झालं, तीन मुलं झाली. स्वतःची घरं ती इतकी वेगळी सजवायची, की मैत्रिणी विचारायला येऊ लागल्या. १९२५ मध्ये, म्हणजे पस्तिशी गाठल्यावर, तिने एक छोटी कंपनी काढली. वास्तुविशारद आणि गिऱ्हाईक यांची गाठ घालून द्यायची, एवढंच सुरुवातीचं काम. पुढे पतीशी घटस्फोट झाला आणि त्याच सुमाराला अमेरिकेत महामंदी आली. आपल्याकडे याला 'सगळं एकदमच आलं' म्हणतात. तिची खरी कारकीर्द सुरू झाली ती त्यानंतर.

त्या काळात डिझायनर लोक श्रीमंतांचे बंगले सजवत. ड्रेपरने मोर्चा वळवला हॉटेलांकडे. विचार साधा होता. बंगला एका कुटुंबाचा, हॉटेलात हजारो माणसं येतात. न्यूयॉर्कची हॅम्पशायर हाउस ही उंच इमारत मंदीमुळे बांधकाम थांबून अर्धवट उभी होती. ती १९३७ मध्ये पुरी होऊन उघडली तेव्हा आतलं सगळं ड्रेपरचं होतं. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, भिंतीवर जाडजूड पांढरं प्लास्टरचं नक्षीकाम, रुंद पट्टे, पानकोबीएवढी गुलाबाची फुलं छापलेले पडदे, चकचकीत रंगाचे दरवाजे. आणि ती फक्त भिंती आणि पडद्यांवर थांबायची नाही. मेनूकार्ड, वेटरचे कपडे, बोधचिन्ह, अगदी मेजावरची काडेपेटीसुद्धा तिच्या नजरेखालून जायची. आत आलेल्या माणसाला काडेपेटीपासून झुंबरापर्यंत एकच हात जाणवला पाहिजे, हा तिचा हट्ट.

तिचं सगळ्यात मोठं काम वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रीनब्रायर हे हॉटेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने ते ताब्यात घेऊन तिथे जखमी सैनिकांसाठी इस्पितळ केलं होतं. युद्ध संपल्यावर रेल्वे कंपनीने ते परत घेतलं आणि ड्रेपरच्या हातात दिलं. इस्पितळाचं पुन्हा हॉटेल करायचं होतं. १९४८ मध्ये ते उघडलं. तिथे ४५,००० यार्ड कापड, ४०,००० गॅलन रंग आणि ३० मैल लांबीचे गालिचे लागल्याचं सांगतात. हे काम हाती घेतलं तेव्हा तिचं वय होतं छप्पन-सत्तावन्न. आपल्याकडे या वयात लोक निवृत्तीनंतरच्या तीर्थयात्रेची यादी करतात.

आता तिच्या पुस्तकांकडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते त्यांच्यावर.

१९३९ मध्ये तिने 'डेकोरेटिंग इज फन!' हे पुस्तक लिहिलं. म्हणजे घर सजवणं ही मौज आहे. दोन वर्षांनी आलं 'एंटरटेनिंग इज फन!', पाहुण्यांच्या स्वागताविषयीचं. शिवाय 'गुड हाउसकीपिंग' मासिकातून ती वाचकांना सल्ले द्यायची, वर्तमानपत्रांत लिहायची. विचार करा, जी बाई स्वतःच्या सल्ल्याचे हॉटेलमालकांकडून भरपूर पैसे घेते, ती तोच सल्ला पुस्तकाच्या किमतीत कुणालाही द्यायला बसली. पहिल्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच तिने सांगून टाकलंय की स्वतःचे सजावटकार स्वतःच व्हा.

त्या पुस्तकात धाडस, रंग, तोल, नेमक्या शोभेच्या वस्तू आणि आराम यांवर तिचा भर आहे. यात धाडस सर्वांत आधी येतं, हे मला फार आवडलं. पैसा आधी येत नाही. तिचं सांगणं असं, की बहुतेक माणसांना स्वतःला काय आवडतं ते माहीत असतं, पण चार लोक काय म्हणतील या भीतीने ती दुकानदार दाखवेल ते घेतात. जुन्या कपाटाला रंग द्या, जागा बदलून बघा, आवडलेला रंग हातभर लावू नका, भिंतभर लावा. स्वस्तात स्वस्त आणि जास्तीत जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे रंगाचा डबा.

हे वाचताना मी आमच्याच घरात होते, म्हणून मला ते जास्त लागलं असेल. तीन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. आई गावचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आली. त्याच सुमाराला आम्ही फ्लॅटचं काम काढलं होतं. एका डिझायनर मुलाने संगणकावर सुंदर रंगीत चित्रं करून आणली. राखाडी सोफा, छतात लपवलेले दिवे, टीव्हीमागे संगमरवरासारखं लॅमिनेट, आणि स्वयंपाकघरात छतापर्यंत कपाटं. चित्रात आईची खोलीही होती. तिच्यात पलंग होता, पण आईने गावाहून आणलेली तिची लाकडी आरामखुर्ची नव्हती. मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, ती थीममध्ये बसत नाही. तुम्ही बाल्कनीत ठेवा, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका."

आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. चहाचे कप उचलले आणि आत गेली.

त्या खुर्चीत बसून आईने चाळीस वर्षं दुपारचा पेपर वाचलाय. त्या मुलाचा यात काही दुष्टपणा नव्हता. त्याने जे शिकलं ते तो करत होता. पण मला तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. घर चित्रासारखं दिसावं म्हणून जर घरातल्या माणसाने स्वतःला बाल्कनीत ठेवायचं असेल, तर ती सजावट नव्हे. मी त्याला म्हटलं, आता उलटं करू. खुर्ची आधी ठेवू आणि खोली तिच्याभोवती लावू. सुताराकडून खुर्चीची वेताची बैठक नवी विणून घेतली. खिडकीशी ठेवली. पडद्याला लाल फुलांचं चिटाचं कापड आणलं. राखाडी सोफ्याच्या घरात ते कसं दिसेल याची डिझायनरला काळजी होती. स्वयंपाकघरातली छताला भिडलेली कपाटं काढायला लावली, कारण सत्तरी ओलांडलेल्या बाईचा हात तिथे पोचत नाही. आई पहिल्या दिवशी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अगं, इथं चारपर्यंत ऊन असतं." माझ्या घराला मिळालेला तो सगळ्यात मोठा दाखला आहे.

ड्रेपरबाईंची नुसती आरती करायची नाही. त्यांच्या कामाची दुसरी बाजूही आहे. १९३० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये सटन प्लेस भागातल्या जुन्या, गरिबांच्या भाड्याच्या घरांची रांग त्यांनी काळ्या रंगात रंगवली, पांढऱ्या किनारी काढल्या, प्रत्येक दाराला वेगळा झगझगीत रंग दिला. घरं पाहता पाहता उच्चभ्रूंच्या पसंतीस उतरली. कामाचं कौतुक झालं. पण दार रंगवून भाडं वाढतं तेव्हा आधीच्या भाडेकरूचं काय होतं, हे मुंबई-पुण्यात वाढलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. शिवाय ज्या हट्टापायी काडेपेटीसुद्धा तिच्या पसंतीची लागायची, त्या हट्टात दुसऱ्याच्या आवडीला जागा नव्हती. आणि जे धाडस ती सांगते, ते करायला तिच्या पाठीशी मोठं घराणं आणि ओळखी होत्या, हेही खरं.

म्हणूनच मला तिच्या हॉटेलांपेक्षा तिची पुस्तकं मोठी वाटतात. हॉटेलात ती म्हणते, मी सांगते तसं. पुस्तकात म्हणते, तुम्हाला हवं तसं, आणि ते कसं करायचं ते मी दाखवते. गंमत बघा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये तिने १९५४ मध्ये सजवलेलं उपाहारगृह, पक्ष्यांच्या पिंजऱ्यांसारखी झुंबरं असलेलं, आज तिथे नाही. त्या जागी आता रोमन शिल्पांचं दालन आहे. ती स्वतः १९६९ मध्ये गेली. झुंबरं उतरवली गेली, पुस्तकं मात्र साठ-पासष्ट वर्षांनी पुन्हा छापली गेली. एक इंजिनिअर बाई इथे तुमच्यासमोर उभी राहून त्यावर बोलतेय.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्याविषयी आहे.

या मेळाव्यासाठी आपण सगळ्यांनी एक माहितीचा तक्ता भरला. त्यात 'व्यवसाय' असा रकाना होता. यादी जुळवायला मी मदत केली, म्हणून तो रकाना मी सगळा वाचला. आपल्या बऱ्याच मैत्रिणींनी तिथे लिहिलंय, "काही विशेष नाही, घरीच असते." त्यांतली एक गेली पंधरा वर्षं घरी बसून अख्ख्या कॉलनीचे पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते. कापड किती लागेल, ते ती खिडकीकडे बघून सांगते. एकीने सासऱ्यांच्या आजारपणात सहा वर्षं घरात जी शुश्रूषा केली, तिचं ज्ञान एखाद्या परिचारिकेला लाजवील. एकजण दीडशे माणसांचा स्वयंपाक एकटीने उरकते आणि काही वाया जाऊ देत नाही. हे "काही विशेष नाही"?

डोरोथी ड्रेपरनेही पस्तिशीपर्यंत फक्त स्वतःचं घरच सजवलं होतं. फरक एवढाच, की तिने एक दिवस त्याला काम म्हटलं, त्याची किंमत सांगितली आणि पुढे ते लिहून ठेवलं. आपण पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. तिची दोन्ही गाजलेली पुस्तकं आणि ग्रीनब्रायर या वयानंतरची आहेत.

आपल्या शिक्षकांपुढे ज्ञान वाटण्याविषयी मी बोलणं म्हणजे सूर्याला काजवा दाखवणं. सर, बाई, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत. तुम्हाला जे येत होतं ते फळ्यावर लिहिलंत, आम्ही उतरवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी फळा पुसून पुन्हा लिहिलंत. त्यातलं एकही अक्षर तुम्ही राखून ठेवलं नाहीत.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपण शाळेला पंखे देणार आहोत, पाण्याची टाकी देणार आहोत, ते देऊच. त्याबरोबर आपल्यातल्या प्रत्येकाने आपल्याला येणाऱ्या एका कामावर चार पानं लिहावीत, नववी-दहावीच्या मुलांसाठी. वायरिंग करणाऱ्याने वायरिंगवर, द्राक्षबाग लावणाऱ्याने छाटणीवर, बँकेतल्याने कर्जाचा अर्ज कसा वाचायचा यावर. पडदे शिवणारीने पडद्यांवर. भाषा चुकली तर चुकू दे, आपल्या मराठीच्या बाई समोर बसल्या आहेत, त्या तपासून देतील, लाल शाईने! या पानांची वही करून शाळेच्या वाचनालयात ठेवू. माझी चार पानं मी आजच बरोबर आणली आहेत. ती कॉम्प्युटरवर आहेत, त्याबद्दल संयोजकांची माफी मागते.

आणि मैत्रिणींनो, तो तक्ता स्मरणिकेत छापायला जाण्याआधी आठ दिवस माझ्याकडेच आहे. 'व्यवसाय' या रकान्यात ज्यांना बदल करायचा आहे, त्यांनी जेवणाआधी माझ्याकडे या. खोडरबर मी आणलाय.